मीनल, शीट बदलली होती

त्या दिवशी फॅक्टरीच्या जेवणाच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी तर तिथं नव्हतो. महेंद्र सेठ होते, मालक. दुबेजी होते, सुपरवायझर. रुखसाना, पॅकिंगवाली. असेंब्लीच्या पाच बाया, आणि एचिंगचे दोघं, रबरी बूट घालूनच आलेले. तुझी आई मालतीताई, समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी कमल, ड्रिल मशीनवाली, दाराला टेकून. आणि तू. टेबलावर, फोटोत, हार घालून. हार तुला मोठा झाला होता, अर्धी हनुवटी झाकली होती. कोणी सरकवला नाही.

तुला जाऊन अकरा दिवस झाले होते. डोक्यातली नस फुटली म्हणे, भाजी चिरता चिरता. सेठनं स्वतः शोकसभा ठेवली. मला वाटलं, चला, माणसाला लाज तरी वाटली. मग सेठ उभे राहिले आणि बोलले. त्यांचे शब्द मी विसरणार नाही. "मीनल मैडम बहुत अच्छी थीं. काम में उनसे एक बड़ी गलती हुई, मटेरियल चुनने में. कंपनी ने बहुत भुगता. पर इंसान है. आज हम सब दिल से उनको माफ करते हैं."

आणि तुझ्या आईनं सेठसमोर हात जोडले.

पिशवीत माझ्याकडं दोन तुकडे होते. घरून निघताना मनात होतं की सभा झाली की सेठला बाजूला घेऊन सांगू, बुजुर्गासारखं. ते 'माफ' ऐकलं आणि बाजूला घ्यायचं डोक्यातूनच गेलं. म्हटलं, आता जे होईल ते सगळ्यांसमोर.

पण ते पुढचं. तुला आधीचं सांगायचं आहे, कारण तू गेलीस ते अर्धवट मालूम असून गेलीस.

तू किती वेळा विचारलंस, मावशी तुम्ही या कामात कशा आलात, आणि मी प्रत्येक वेळी "छोड ना, काय करायचंय" म्हणायची. काय सांगायचं होतं त्यात. आजोबा महूला पलटणीत होते, त्यांनी चौथीपर्यंत शाळेत घातलं, ते गेले आणि शाळा पण गेली. लग्न झालं ते कापडाच्या मिलीतल्या माणसाशी. मिल बंद पडली, मग हे पण खाटेवर बसले, दोन वर्षांत संपले. मुलगी कडेवर. इंदूरच्या सांवेर रोडवर सर्किटच्या पाट्या बनवतात, बाया पाहिजेत, असं कोणी सांगितलं, मी गेले. नऊ वर्षं एचिंगला. तांबं खाणाऱ्या पाण्यात हात घालायचा, पाटी काढायची, धुवायची, परत हात घालायचा. हातमोजे मागितले तर सेठचे वडील म्हणायचे, "महारानी बनके आई है क्या." बोटांची कातडी पहिले पिवळी झाली, मग जाड झाली, मग मेली. आजही तव्यावरून पोळी हातानं उलटवते, कळत नाही. लोकांना कौतुक वाटतं. मग ड्रिलवर टाकलं, तिथं एकवीस वर्षं.

तू आलीस तेव्हा फॅक्टरीत पहिल्यांदा बाई इंजिनियर आली. सगळे बघायला आले, मी नाही आले, मशीन चालू होतं. तूच आलीस. चष्मा डोक्यावर, हातात वही. विचारलंस, "मावशी, ड्रिलचा बिट किती भोकांनंतर बदलता?"

मी म्हटलं, "आवाज बदलला की."

दुबेजी हसले. तू वहीत लिहून घेतलंस. आवाज बदलला की. मी वाकून बघितलं होतं, खरंच लिहिलं होतंस. इतक्या वर्षांत माझं बोललेलं कोणी लिहून घेतलं नव्हतं. त्या एका ओळीसाठी मी तुझ्यासाठी काहीही केलं असतं, आणि जे करायला पाहिजे होतं तेच केलं नाही.

ते धान्याच्या कोठ्यांचं काम आलं तेव्हा तू एकदम वेडी झाली होतीस. देपालपूरकडं लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या होत्या, गव्हाच्या. सायलो. वरून एक डबा बसवायचा, तो खाली सिग्नल मारणार, गव्हावर आपटून परत येईल, त्यावरून कळणार टाकी किती भरली. कोणाला वर चढून आत डोकवायला नको. तू म्हणायचीस, चोवीस गीगा आहे मावशी, एका सेकंदात चोवीस अब्ज झोके. मी म्हणायची, मला हजारच्या पुढं सांगू नको.

आपल्या नेहमीच्या हिरव्या पाटीवर ते चालत नाही, हे तू मला कसं समजावलंस ते इथं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे, डबे गरम करायला. तू पाच तऱ्हेच्या शीटचे तुकडे आणलेस, बोटाएवढे. तांबं सगळं खाऊन काढलेलं, कारण तांबं राहिलं तर आत ठिणग्या उडतात. एक पाण्याचा ग्लास ठेवलास, शेजारी एक तुकडा, चाळीस सेकंद. पहिला आपला नेहमीचा हिरवा-पिवळा. बाहेर काढलास.

"मावशी, बोट लावा."

"माझ्या बोटाला काय कळतंय बाई. गालाला लाव."

तू गालाला लावलास आणि मी ओरडले. मग पांढरा तुकडा घातलास, तेवढाच वेळ. तो गालाला थंड. मी म्हटलं, मशीन बिघडलं. तू परत घातलास. परत थंड.

तू म्हणालीस, "हिरवी शीट सिग्नल खाते, म्हणून गरम होते. खाल्लेलं जाणार कुठं? आमचा सिग्नल आधीच इवलासा. रस्त्यातच शीटनं खाल्ला तर टाकीच्या तळापर्यंत पोचणार काय आणि परत येणार काय?"

इतकं सोपं. मला चौथीवालीला कळलं. रुखसानाला कळलं. नंतर सेठ म्हणायचे, "ये टेक्निकल बात है, तुम लोग नहीं समझोगे."

पांढऱ्या शीट दोन होत्या, आणि आपलं भांडण त्या दोघींवरून झालं. एक मऊ, टेफ्लॉनची. एक कडक, चिनीमातीसारखा मसाला घातलेली. मऊवाली सगळ्यात कमी सिग्नल खाते म्हणून तुझा जीव तिच्यावर. मी दोन्हीत भोकं पाडून बघितली. मऊवालीत भोकाच्या आत कापसाच्या वातीसारखे दोरे लोंबत राहिले. मी विचारलं, "टेफ्लॉन मतलब तव्यावरचं?"

"हो मावशी, तेच."

"त्याच्यावर तर काही चिकटत नाही. मग भोकात तांबं कसं चिकटेल?"

तू इतकी हसलीस की चष्मा पडला. मग म्हणालीस की त्यासाठी खास प्रोसेस लागते, ती आपल्याकडं नाही, बाहेर पाठवावी लागेल. चार दिवस माझ्याशी वाद घातलास. डब्यातली भाजी वाटून खायचीस आणि वाद घालायचीस. मावशी, लॉस बघा ना, किती कमी सिग्नल खाते. मी म्हणायची, लॉस कागदावर बघ, भोक हातात बघ, आज चिकटलं तरी उन्हाळ्यात सुटेल. शेवटी तू कडकवाली घेतलीस. दुबेजीनं सगळ्यांसमोर टोमणा मारला, "अब मटेरियल भी कमलबाई तय करेंगी?"

तू म्हणालीस, "हाओ दुबेजी. भोक आप करोगे क्या?"

पूर्ण हॉल हसला. दुबेजी ते विसरले नाहीत, मला आत्ता कळतंय.

पहिला लॉट थोडाच होता, नमुन्याचा. तो कॉलेजच्या मोठ्या मशीनवर तपासून आला, एकदम पास. तू मला लालबागच्या मेळ्यात घेऊन गेलीस, तळलेले गराडू खायला घातलेस, आकाशपाळण्यात बसवलंस. मी वर गेल्यावर डोळे मिटून घेतले होते, आणि तू मला इकडं बघा तिकडं बघा करत होतीस. मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

त्या कडक शीटनं माझे बिट खाल्ले, हे तुला माहीत होतं. मसाला वाळूसारखा, दोनशे भोकं झाली की बिट बोथट, आवाज रडका. दुबेजी रोज ओरडायचे, कमलबाई बिट खा रही है क्या. मग मोठा लॉट आला. पांढरीच शीट, तशीच जाडी. आणि बिट टिकायला लागले. पाचशे, सहाशे, आवाज तसाच. मीनल, मला आनंद झाला. मी रुखसानाला म्हटलं, बघ, नवीन लॉट किती गुणी आहे. वास मात्र वेगळा होता. पहिल्या लॉटला सुक्या चुन्यासारखा वास होता, याला जळक्या नखासारखा. तो वास मी ओळखत होते, आपल्या हिरव्या पाटीचा वास, वीस वर्षं घेतलेला. मी दुबेजीला सांगितलं. म्हटलं, वास हिरव्यासारखा येतोय. ते म्हणाले, "सप्लायर ने सुधार किया है. बिट चल रहा है ना? फिर? नाक कम चलाओ, हाथ चलाओ."

आणि मी हात चालवला. बिटावरून माझ्यावरचा ओरडा बंद झाला होता ना. इतक्या वर्षांत कोणी माझ्या कामाला नावं ठेवत नव्हतं असे ते दोनच महिने. म्हणून मी तुला नाही सांगितलं. एवढीच गोष्ट आहे. कोणाच्या भीतीनं नाही, बिट टिकत होते म्हणून.

तुझ्यावर पण मला राग आहे. आता तू नाहीस तरी बोलणार. आठ वर्षं रोज माझ्या मशीनवर येऊन विचारायचीस, मावशी बिट कसे चालले. त्या दोन महिन्यांत एकदा आली नाहीस. तुझं तपासायचं, पळायचं चालू होतं, मोठ्या लॉटमधला एक बोर्ड तरी कॉलेजला पाठवा म्हणून सेठच्या मागं लागली होतीस, आणि ते म्हणत होते सैंपल पास हो गया ना, अब टाइम नहीं है. तिकडं मागं लागलीस, माझ्याकडं नाही आलीस. एकदा विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, अगं सहाशे भोकं चालतोय बिट. आणि तू तिथल्या तिथं ओळखलं असतंस. तुझं तोंड कसं झालं असतं ते मला आत्ता दिसतंय.

डबे बसले आणि उलटं बोलायला लागले. टाकी रिकामी, हा म्हणतो भरलेली. तळ त्याला दिसतच नव्हता. ट्रॅक्टर-ट्रॉल्या लायनीत उभ्या, आणि डबा म्हणतो जागा नाही. मग एका टाकीला जागा आहे म्हणाला तर गहू वरून सांडला. सगळे डबे परत आले. डब्यात काळा मसाला ओतून जाम केलेला, आतली पाटी दिसत नाही. तू दुबेजीकडं कोरी पाटी मागितलीस, तपासायला. दुबेजीनं तुला कोणती दिली? पहिल्या लॉटमधली उरलेली. तू ती टेबलावर लावलीस, ती बरोबर चालली. मग तू स्वतःच्या डिझाइनवर शक घेतलास. धूळ असेल, ऊन असेल, माझं गणित चुकलं असेल. तीन आठवडे तू त्या चांगल्या पाटीत खोट शोधत बसलीस. खोट तिच्यात नव्हतीच, कशी सापडणार?

मग सेठनं तो मेल पाठवला, गिऱ्हाईकाला आणि आणखी चार ठिकाणी. रुखसानानं मला वाचून दाखवला होता. डिझायनरनं मटेरियल चुकीचं निवडलं, आम्ही तिला काढलं. तुझं पूर्ण नाव घातलेलं. त्यानंतर तू विजय नगरच्या ऑफिसांत इंटरव्ह्यूला जायचीस आणि ते लोक विचारायचे, "वो सायलो वाला केस आपका ही था ना?"

तुला काढलं त्या मीटिंगमध्ये सेठनं तुला विचारलं होतं, शीट किसके कहने पे ली? तू म्हणालीस, "मैंने चुनी." माझं नाव नाही घेतलंस. दुबेजी तिथंच उभे होते, त्यांना माहीत होतं, ते वाट बघत होते की तू माझं नाव घेशील. तू नाही घेतलंस. हे मला रुखसानाकडून कळलं. तुझ्याकडून कधी नाही.

शेवटचं आलीस ती माझ्या घरी. उन्हाळा होता, तू सुकली होतीस. मी चहा केला. तू कप ठेवलास आणि म्हणालीस, "मावशी, कदाचित टेफ्लॉनच घ्यायला हवं होतं."

मला झोंबलं. मला वाटलं तू मला बोल लावतेस. मी म्हटलं, "मग घ्यायचं होतं. मी काय बंदूक लावली होती?"

तू हसलीस. थोडंसं. "नाही हो मावशी," म्हणालीस, आणि चप्पल घातलीस. मी दारापर्यंत आले नाही. ते आपलं शेवटचं बोलणं.

आणि तुझा कप कशावर होता माहीत आहे? आपण सगळ्या बाया शीटच्या कडेचे, तांबं निघालेले, वाया गेलेले तुकडे घरी न्यायचो, गरम भांड्याखाली ठेवायला. माझ्याकडं दोन आहेत. एक पहिल्या लॉटचा, एक मोठ्या लॉटचा, दुबेजीच्या नियमानं सुईनं नंबर कोरलेले. तुझा कप मोठ्या लॉटच्या तुकड्यावर होता. तू जे तीन आठवडे शोधत होतीस ते तुझ्या कपाखाली होतं. मी पण तिथंच बसले होते, मोठं नाक घेऊन.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी भजी तळली. का तळली मला विचारू नको, तुला आवडायची. कढई उतरवून त्या तुकड्यावर ठेवली आणि वास आला. जळकं नख. कढई उचलली तर पांढरी शीट पिवळी पडलेली. मी दुसऱ्या तुकड्यावर ठेवली. काही नाही. चुना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी फॅक्टरीत गेले. कातरीनं दोन्हीतून बोटाएवढे तुकडे काढलेले, ग्लासात पाणी, चाळीस सेकंद, तू शिकवलंस तसं. पहिला गालाला लावला, थंड. दुसऱ्यानं गाल भाजला. डाग अजून आहे. मुलीला सांगितलं, तवा लागला.

आता त्या खोलीत परत चल. सेठनं माफ केलं, तुझ्या आईनं हात जोडले, दुबेजी समोसे वाटायला वळले. मी म्हटलं, "सेठजी, दो मिनिट." मायक्रोवेव्ह कोपऱ्यातच होता. रुखसानाला म्हटलं ग्लास भर. ती माझ्याकडं बघून भरून घेऊन आली.

सेठ म्हणाले, "कमलबाई, ये क्या है? ये टाइम है खाना गरम करने का?"

मी पहिला तुकडा घातला. चाळीस सेकंद ते मशीन घुंघुं करत फिरत होतं. काढला, तुझ्या आईसमोर धरला. "मालतीताई, माझी बोटं मेलेली आहेत. तुम्ही लावा." त्यांनी लावलं. म्हणाल्या, "थंड आहे." मी म्हटलं, ही मीनलनं निवडली ती. मग दुसरा. परत चाळीस सेकंद. सेठ दाराकडं निघाले, तर एचिंगवाला एक जण रस्त्यातच उभा, हलला नाही. तुझ्या आईनं बोट लावलं आणि "आई गं" करून मागं घेतलं.

"ही मोठ्या लॉटची," मी म्हटलं. "जी डब्यांत गेली ती. नंबर कोरलाय बघा. सेठजी, आप भी लगाओ."

"तमाशा बंद करो."

"लगाओ ना. माफ किया है तो इतना तो लगाओ."

सगळ्या बाया बघत होत्या. सेठनं वैतागून बोट टेकवलं, एकदाचं संपवायला. बोलता बोलता मी तुकडा परत एकदा, पूर्ण मिनिटभर गरम केला होता. त्यांनी हात झटकला, शर्टाला पुसला. मीनल, मला बरं वाटलं. म्हातारी बाई आहे मी, आजपर्यंत कोणाला मुद्दाम चटका दिला नव्हता. मला फार बरं वाटलं.

मी विचारलं, "ये गरम वाली किसने मंगाई? मीनलने?"

दुबेजी समोशाच्या ताटाकडं बघत म्हणाले, "बल्ब वाली शीट थी. एलईडी बल्ब वाली. वो भी सफेद आती है." सेठ ओरडले, "दुबे!" दुबेजी म्हणाले, "मेरे को तो ऊपर से बोला था, भाईसाब. मैं क्या करता."

बल्बची शीट. घरातल्या बल्बच्या आत असते ती. तू चार दिवस माझ्याशी भांडून जी निवडलीस तिच्या जागी बल्बची शीट, कारण ती स्वस्त आणि पांढरी.

तुझी आई उभी राहिली. हात आता जोडलेले नव्हते. म्हणाली, "म्हणजे माझ्या मुलीनं बरोबर निवडली होती?"

मी म्हटलं, "बरोबर निवडली होती ताई."

ती सेठला म्हणाली, "मग तो मेल परत घ्या. सगळ्यांना कळवा."

सेठ आवाज मऊ करून म्हणाले, "माताजी, अब क्या फायदा. अब तो वो हैं भी नहीं." आणि माझ्याकडं बघून, "कमलबाई, कल से मत आना."

तुझ्या आईनं तुझा फोटो उचलला, हार काढून टेबलावरच ठेवला, आणि आम्ही दोघी बाहेर आलो. रिक्षात ती एवढंच बोलली, "ती रोज रात्री ते गणित परत परत करायची. मला वाटायचं झोप लागत नाही म्हणून."

तुला सांगते. माझ्या मनात शांती वगैरे काही नाही. लोक म्हणतात, जाने दो, ऊपरवाला देखेगा. मी नाही जाने देणार. सेठला प्रत्येक जेवणात तो जळक्या नखाचा वास यायला पाहिजे. दुबेजी माझ्या घरी आले होते, दारात उभे राहिले, म्हणाले, बहनजी, मेरी भी नौकरी का सवाल था. मी पाणी दिलं, आत बोलावलं नाही. लिहून द्या म्हटलं तर खाली बघत निघून गेले. माझी पण नोकरी गेली, मला फिकर नाही, तीस वर्षं राबले, पुरे झालं.

गेल्या आठवड्यात बसनं देपालपूरला गेले, टाक्यांच्या ऑफिसात, तुकडे घेऊन. तिथला मॅनेजर चांगला वागला. सगळं ऐकलं. मग म्हणाला, "अम्मा, आप सच बोल रही होंगी, पर लिखित में तो मेरे पास कंपनी का मेल ही है." लिखित. ते सेठकडं आहे, तुझ्याकडं नाही. तू वह्या भरून लिहिलंस आणि तुझ्या बाजूनं लिहिलेला एक कागद कुठं नाही.

म्हणून मी लिहिते आहे. भोक मी पाडलं, शीट माझ्या हातातून गेली, वास मला आला होता आणि मी गप्प बसले. हे मी माझ्या नावानं लिहिते, कमल, ड्रिल मशीनवाली. माझ्यावर जे यायचं ते येऊ दे. तू माझं नाव लपवलंस, मी नाही लपवणार.

जो कोणी हे वाचेल त्याला एक काम सांगते. आपल्या इंदूरात घराघरात कोणी ना कोणी कंपनीत, ऑफिसात आहे. तुमच्या किंवा तुमच्या मुलासुनेच्या ऑफिसात तो सायलोच्या डब्यांचा मेल आला असेल, किंवा मीनलचं नाव कोणी तसं घेतलं असेल, तर त्याला उत्तर पाठवा. मोठं लिहू नका. एवढंच लिहा की मीनलनं निवडलेलं मटेरियल त्या डब्यांत कधी गेलंच नव्हतं.